एरंडाचं गुऱ्हाळ

अंधाऱ्या, उबदार पेटीचं दार उघडा. आत एरंडाचे पाच दिवसांचे कोंब आहेत. उजेड न लागल्यामुळे फिकट, पिवळट. साल १९६७, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं पर्ड्यू विद्यापीठ. कोंब बाजूला ठेवा. तुम्हाला हवाय तो बियांमधला पांढरा, फुगलेला गर. चिमटीत धरलात की बुळबुळीत लागतो. (नंतर हात स्वच्छ धुवा. एरंडीत रिसिन असतं, आणि ते जीवघेणं विष आहे.)

कोरड्या एरंडीत जवळजवळ अर्धं तेलच. कोंब फुटला की ते तेल घटत जातं, त्याची साखर होते आणि ती वाढत्या रोपाला मिळते. आपल्याकडे एरंडाच्या गुऱ्हाळाला कुणी किंमत देत नाही. हॅरी बीव्हर्स या मूळच्या इंग्रज शास्त्रज्ञाने मात्र तेच गुऱ्हाळ वर्षानुवर्षं चालवलं.

क्षणभर दहा वर्षं मागे या. १९५७. हान्स कॉर्नबर्ग आणि हान्स क्रेब्ज या जीवरसायनशास्त्रज्ञांना जिवाणूंमध्ये एक आडवाट सापडली आहे. पेशीत अन्न जाळणाऱ्या क्रेब्ज चक्रात दोन कार्बन आत येतात आणि दोन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. साखर बांधायला उरणार काय? या आडवाटेवर दोन जादा एन्झाइम ही गळती टाळतात. त्याच वर्षी कॉर्नबर्ग आणि बीव्हर्स दाखवतात की एरंडीतही हीच वाट आहे. तुमच्याआमच्या शरीरात ती नाही, म्हणून तुपातल्या स्निग्धाम्लांची साखर करणं आपल्याला जमत नाही. एरंडीला जमतं.

पण पेशीत हे घडतं कुठे? क्रेब्ज चक्र मायटोकाँड्रियात चालतं, म्हणून संशय अर्थातच त्यांच्यावर.

आता परत १९६७ मध्ये. पाती फिरवून गराचा लगदा करायचा मोह आवरा, शोधताय तो कण फार नाजूक आहे. बर्फावर बशी, बशीत साखरेचं थंड द्रावण, हातात ब्लेड. गर हलक्या हाताने बारीक चिरत राहा. मनगट भरून येईल. मग तो रस गाळून एका नळीत, तळाशी दाट आणि वर पातळ अशा साखरेच्या द्रावणावर अलगद सोडा आणि सेंट्रिफ्यूज काही तास फिरू द्या.

नळी उजेडासमोर धरा. पट्टे दिसतात? घनता १.१९ च्या आसपास मायटोकाँड्रिया. त्यांच्या बऱ्याच खाली, १.२५ जवळ, आणखी एक पट्टा. आडवाटेच्या त्या दोन्ही जादा एन्झाइमचं माप घ्या: ती मुख्यतः या खालच्या पट्ट्यात भरतात. बीव्हर्स आणि त्यांचे सहकारी बिल ब्रायडेनबाख या कणाला ग्लायऑक्सिसोम म्हणतात. त्यातला थेंबभर घेऊन हायड्रोजन पेरॉक्साइड घातलंत तर बुडबुडे फसफसतील, कारण आत कॅटलेज आहे. ख्रिस्तियाँ द ड्यूव्ह यांनी उंदराच्या यकृतातल्या ज्या कणांना पेरॉक्सिसोम हे नाव दिलं, त्यांचीही हीच खूण. म्हणजे हा त्यांचाच भाऊबंद.

१९६८ मध्ये मिशिगनला डोकावून या. तिथे एडवर्ड टॉलबर्ट पालकाच्या हिरव्या पानांतून पेरॉक्सिसोम वेगळे काढताहेत. काम निराळं, प्रकाशश्वसनाचं; कण त्याच कुळातला.

पुढच्या वर्षी बीव्हर्स कॅलिफोर्नियात, सांताक्रूझला जातात. माझ्या मते त्यांचा खरा धक्का याच वर्षातला. टी. जी. कूपर यांच्यासोबत ते दाखवतात की एरंडीत स्निग्धाम्लं तोडण्याचं कामही ग्लायऑक्सिसोममध्येच चालतं. प्राण्यांच्या पेशींत हे काम मायटोकाँड्रियाचं, असं तेव्हा पाठ्यपुस्तकं शिकवत होती. यकृतातल्या पेरॉक्सिसोममध्येही ते होतं, हे लॅझॅरो आणि द ड्यूव्ह यांनी छापलं ते १९७६ मध्ये. एरंडी सात वर्षं पुढे होती. पण वैद्यकाच्या दुनियेत झाडपाल्यावरचे निबंध वाचायला वेळ कुणाला असतो?