पेशींचा कचरा

आमच्या धंद्यात गार्बेज कलेक्शन हा रोजचा शब्द. प्रोग्रॅमला नको झालेली मेमरी मोकळी करायची, विषय संपला. त्यात काय होतं हे कोण बघतंय? पेशींच्या बाबतीत शास्त्रज्ञांनीही बरीच वर्षं हेच केलं.

१९४६ साली शारगाफ (हो, तोच, डीएनएमधल्या प्रमाणांचा नियमवाला) आणि वेस्ट यांनी प्लाझ्मा सेंट्रिफ्यूजमध्ये गरगरा फिरवला. तळाचा साका काढून टाकला, तर उरलेला प्लाझ्मा गोठायला जास्त वेळ लागायला लागला. म्हणजे साक्यात काहीतरी कामाचं होतं. १९६७ मध्ये पीटर वुल्फने त्या कणांना नाव दिलं, 'प्लेटलेट डस्ट'. धूळ!

मग मॅकगिल विद्यापीठातल्या रोझ जॉन्स्टन. मेंढीची कोवळी लाल पेशी मोठी होताना लोह आत घेणारे ट्रान्स्फेरिन रिसेप्टर गमावते. ते जातात कुठे? पेशी ते पचवून टाकत असेल, असं कुणालाही वाटेल. पण १९८३ च्या सुमारास दिसलं ते वेगळंच. पेशी रिसेप्टर बारीक पिशव्यांत भरते आणि पिशव्या बाहेर सोडून देते. सेंट लुईसमध्ये स्टाल यांच्या गटाला उंदरांच्या पेशींत तेच दिसलं. १९८७ मध्ये जॉन्स्टनबाईंनी या पिशव्यांना 'एक्सोसोम' म्हटलं. अर्थ मात्र तोच लावला गेला, कचऱ्याची विल्हेवाट. बाईंना दोष देण्यात अर्थ नाही, त्या पेशीपुरतं ते खरंच होतं. चुकलं ते एका पेशीवरून सगळ्यांचा निकाल लावण्यात.

१९९६ मध्ये रापोसो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बी पेशींच्या पिशव्या टी पेशींना जागं करतात. आणि २००७ मध्ये स्वीडनमध्ये वलादी, लोटवाल वगैरे मंडळींना पिशव्यांत एमआरएनए आणि मायक्रोआरएनए सापडले. उंदराच्या पिशव्या माणसाच्या पेशींना दिल्या, तर तिथे उंदराची प्रोटीन्स तयार झाली! एका मशीनवरचा कोड दुसरीकडे जाऊन चक्क रन झाला की हो :)

मग काय, सगळे सुटलेच. २०१४ मध्ये कुणीतरी शांतपणे मोजणी केली, तर सरासरी एका पिशवीमागे ठराविक मायक्रोआरएनएची एक प्रतसुद्धा नव्हती. ही मोजणी मला सगळ्यात आवडते.

बाजाराला अर्थात मोजणीशी घेणंदेणं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएला इशारा द्यावा लागला, कारण नेब्रास्कात मान्यता नसलेल्या 'एक्सोसोम' उपचारांनंतर रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. कुणी विकायला आलं तर एवढंच विचारा: कुठल्या पेशीच्या पिशव्या, आणि आत काय भरलंय?