मुलाखतीचे मेज

'मुलाखत' हा शब्द आपल्याकडे नोकरीबरोबर आलेला नाही. मूळचा अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत उतरलेला हा शब्द जुन्या कागदपत्रांत भेटीसाठी येतो, आणि ती भेट बहुधा दोन मातब्बरांची असे. कोणी किती सामोरे यावे, बैठक कोठे घालावी, निरोपाचा विडा कोणी द्यावा, याची बोलणी वकिलांमार्फत आधी होऊन जात. दोन्ही पक्षांना एकमेकांचे वजन ठाऊक असे. आज तोच शब्द आपण अशा भेटीला लावतो, की जिच्यात एका बाजूस चारपाच माणसे, समोर कागदांची चळत आणि पाण्याचे पेले, आणि दुसऱ्या बाजूस एकुलती एक खुर्ची असते. शब्द तोच राहिला, पण त्यातला बरोबरीचा अर्थ मात्र कोठे तरी गळून पडला.

जिल्ह्याच्या गावी इतिहास शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. नोकरीच्या मुलाखतीला निघालेले विद्यार्थी जाण्यापूर्वी भेटायला येत. तारखा, सनावळ्या, राज्यघटनेची कलमे हे सारे त्यांना पाठ असे. तरी दाराशी घुटमळत त्यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला: "सर, तिथे शांत कसे राहायचे?" वडीलधारी माणसे यावर दीर्घ श्वास घ्यायला सांगतात, देवाचे नाव घ्यायला सांगतात, दोन्ही उपाय चांगले आहेत. मी इतिहासाचा माणूस. मला वाटते, ज्या मेजापुढे आपण घाबरतो त्या मेजाचा इतिहास ठाऊक असला, तर भीती निम्मी ओसरते.

इंग्रजी अमदानीत सनदी नोकरी प्रथम वशिल्याची होती. कंपनीचे डायरेक्टर आपल्या आप्तेष्टांच्या मुलांची नावे सुचवीत, आणि ती मुले हेलीबरी येथील कॉलेजात तयार होऊन हिंदुस्थानात येत. 1854 साली मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील समितीने खुल्या स्पर्धेचा अहवाल दिला आणि 1855 मध्ये पहिली परीक्षा झाली. कुळापेक्षा उत्तरपत्रिका मोठी ठरली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. 1863 साली सत्येंद्रनाथ टागोर या परीक्षेतून निवडले गेले, ते याच दाराने.

पण केवळ कागदावर माणूस पुरता कळत नाही ही शंका परीक्षकांच्या मनातून कधीच गेली नाही. तिचा एक मासला अरविंद घोषांच्या चरित्रात सापडतो. 1890 च्या परीक्षेत ते वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले, परंतु घोडेस्वारीच्या चाचणीला हजर न राहिल्याने 1892 साली त्यांना नाकारण्यात आले. ही नोकरी आपल्याला नकोच होती, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. गंमत अशी, की त्याच सुमारास सयाजीराव गायकवाड लंडनमध्ये होते. मध्यस्थामार्फत त्यांची भेट झाली आणि महाराजांनी या तरुणाला दरमहा 200 रुपयांवर बडोद्याच्या सेवेत घेतले. सनदी परीक्षेतला माणूस एवढ्या स्वस्तात मिळाल्याचा महाराजांना मोठा आनंद झाला होता, अशी आठवण अरविंदांनीच नोंदली आहे. एका मेजाने जो माणूस नाकारला, तोच दुसऱ्या मेजाने आनंदाने उचलला. माणसात मधल्या काळात काहीच फरक पडला नव्हता.

आज आपण जिला व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणतो तिचे बीज यानंतरचे. 1917 साली लीद्झ समितीने ब्रिटनमधील वरिष्ठ सनदी परीक्षेसाठी 300 गुणांची तोंडी परीक्षा सुचवली. विषयाचे ज्ञान पुन्हा तपासणे हा तिचा हेतू नव्हता. उमेदवाराची तरतरी, समज आणि बौद्धिक दृष्टी पाहावी, असे समितीचे म्हणणे होते. हेतू चांगला होता. पण ही तरतरी ओळखणार कोण? ज्यांच्या घरी जेवणाच्या मेजावर राजकारण बोलले जाई, ज्यांच्या शाळेत सभा-वादांचा सराव होई, अशीच माणसे. ज्या मुलाच्या घरी परक्या साहेबाशी बोलण्याचा प्रसंग केवळ कचेरीच्या पायरीवर येई, त्याचा संकोच त्यांना मंदपणा वाटण्याचा संभव होता. ज्याला ते धीरगंभीरपणा म्हणत, तो पुष्कळदा केवळ सवयीचा परिणाम असे.

हा संशय माझ्यासारख्या मास्तरानेच घेतला असे नाही. सर फिलिप हार्टोग हे नाव येथे अगत्याने घेतले पाहिजे. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. 1926 साली हिंदुस्थानात लोकसेवा आयोग स्थापन झाला तेव्हा त्याचे ते सदस्य होते. म्हणजे मेजाच्या आतल्या बाजूस बसलेला माणूस. 1935 साली त्यांनी ऱ्होड्स यांच्यासह परीक्षापद्धतींवर जे लेखन प्रसिद्ध केले, त्यात एक प्रयोग आहे. 16 उमेदवार घेतले, दोन स्वतंत्र मंडळे नेमली, आणि त्याच उमेदवारांच्या दोन्हीकडे मुलाखती झाल्या. पहिल्या मंडळाने ज्याला पहिला क्रमांक दिला, तो दुसऱ्या मंडळाच्या यादीत तेरावा निघाला. दुसऱ्याचा पहिला, तो पहिल्या मंडळाकडे अकरावा. मंडळांत अनुभवी आणि सद्हेतूची माणसे होती, कोणी लबाडी केली नव्हती. तरी हे असे झाले.

ही हकीकत मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगत असे. काहींना ती ऐकून निराशा वाटे: मग मेहनत कशाला? मला तिच्यात दिलासा दिसतो. समोरच्या माणसांचे मत हा आपल्या योग्यतेचा अखेरचा निवाडा नाही. तो त्या दिवशीचा, त्या खोलीतला, त्या चारपाच जणांचा अंदाज आहे. त्यावर नोकरी अवलंबून असेल, पण आपली किंमत अवलंबून नाही. हे ज्याच्या मनात नीट ठसले, त्याचे हात आपोआप स्थिर होतात.

पुढे शिक्षकांच्या निवडीसाठी मलाही मेजाच्या त्या बाजूस बसण्याचे प्रसंग आले. तेथून जे दिसते ते उमेदवाराला कधी दिसत नाही. दुपारनंतर सदस्य थकलेले असतात. एखाद्याचे लक्ष चहाकडे असते, तर दुसऱ्याला शेवटची गाडी गाठायची असते. उत्तरापूर्वी उमेदवार क्षणभर थांबला, तर त्याला तो क्षण युगासारखा वाटतो. आम्हाला तो विचारी वाटे. "हे मला ठाऊक नाही" असे कोणी सरळ म्हटले, की खोलीतला ताण उतरे आणि पुढचा प्रश्न बहुधा सोपा येई. उलट, न येणाऱ्या उत्तराभोवती जो घिरट्या घाली, त्याच्याकडे पाहताना आम्हीच अस्वस्थ होत असू. प्रश्न पुरता ऐकून घेणे, एवढी एक गोष्ट ज्याला साधे, त्याचे निम्मे काम झालेले असे.

परंतु शांतपणा म्हणजे होकार भरणे, असा एक गैरसमज आपल्याकडे आहे, आणि तो दूर करायला अण्णा राजम जॉर्ज यांच्यासारखे दुसरे उदाहरण नाही. स्वतंत्र भारताच्या प्रशासकीय सेवेत 1951 च्या तुकडीत त्या आल्या. मुलाखत-मंडळाचे अध्यक्ष आर. एन. बॅनर्जी; बरोबर जुन्या सनदी सेवेतले मुरलेले अधिकारी. स्त्रियांना परराष्ट्र सेवा किंवा इतर केंद्रीय सेवा अधिक मानवतील, असे त्यांनी या तरुणीला सुचवले. ती डगमगली नाही, आवाजही चढवला नाही. आपल्याला प्रशासकीय सेवाच हवी, आणि तीही मद्रास प्रांतात, हे तिने धरून ठेवले. लग्न केल्यास नोकरी संपुष्टात येईल, अशी अट नेमणुकीच्या कागदात होती. तो नियम काही वर्षांनी गेला. पुढे मल्होत्रा या आडनावाने त्या प्रसिद्ध झाल्या. आपल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या उभारणीची धुरा त्यांनी वाहिली, 1989 साली त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि 2018 मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. उरणच्या किनाऱ्यावर आज जे उंच यारींचे रान दिसते, त्याची एक कडी त्या मेजापुढच्या शांत नकारापर्यंत जाऊन पोचते.

उमेदवाराला धीर धरायला सगळेच सांगतात. मेजानेही संयम शिकावा, हे सांगायला मात्र न्यायालय लागले. हरियाणातील एका निवडीत सर्वसाधारण उमेदवारांसाठी तोंडी परीक्षेला 22.2 टक्के, तर माजी सैनिकांसाठी 33.3 टक्के वजन होते. 1985 साली अशोककुमार यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते अवाजवी ठरवले आणि केंद्रीय आयोगाच्या 12.2 टक्क्यांचे माप पुढे ठेवले. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेत 2013 पासून एकूण 2025 गुणांपैकी 275 गुण मुलाखतीला आहेत. आणि उमेदवाराचे लेखी गुण मंडळाला सांगितले जात नाहीत. 1 जानेवारी 2016 पासून तर केंद्र सरकारच्या खालच्या श्रेणीतील बहुतेक पदांसाठी मुलाखतच बंद झाली. ज्या पदाला हिशेब आणि टिपणे नीट येणे पुरे, तेथे वशिल्याला शिरायची एक फट कमी झाली, हे चांगलेच झाले.

भाषेचा प्रश्नही याच धाग्यातला. कोठारी समितीच्या शिफारशींनंतर 1979 पासून लेखी परीक्षा देशी भाषांत देता येऊ लागली. पण ज्याने लेखी उत्तरे इंग्रजीत लिहिली, त्याने मुलाखतही इंग्रजीतच द्यावी, हा दंडक पुढे कितीतरी वर्षे चालला. 2011 साली प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आले तेव्हा आयोगाने तो सोडला. हा बदल कागदावर लहान दिसतो. पण ग्रंथ इंग्रजीत वाचलेला आणि विचार मराठीत करणारा मुलगा जेव्हा आपल्या भाषेत बोलायला लागतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यात पडणारा फरक मी पाहिला आहे. ज्याला आपण घाबरटपणा समजत होतो, ते मनातल्या मनात चाललेले भाषांतर होते.

तेव्हा मुलाखतीला निघालेल्या तरुणांना माझे सांगणे एवढेच. तयारी करा, कारण ती तुमच्या हाती आहे. मेजापलीकडच्या माणसांना नमस्कार करा, त्यांचा मान राखा. पण ती माणसेच आहेत हे विसरू नका. त्यांचे मेज फार जुने नाही, कायम एका जागी राहिलेले नाही, आणि त्याचे पाय वेळोवेळी कापून सारखे करावे लागले आहेत. निवड झाली तर उत्तम. न झाली, तर परत येताना एस.टी.त खिडकीशी बसा आणि कोणत्या प्रश्नाला आपण खरे उत्तर दिले ते आठवा. पुढच्या मुलाखतीला बरोबर न्यायची शिदोरी तीच.