बेसिक प्रोग्राम आणि अक्षरी पडद्याची आखणी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
संगणकाच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने यंत्रांचा आणि संगणकीय भाषांचा इतिहास म्हणून झालेले दिसते. वापरणाऱ्याचा प्रत्यक्ष व्यवहार ज्याच्याशी होतो, तो पडदा मात्र या लेखनात दुय्यम राहतो. प्रस्तुत लेखात बेसिक भाषेतील प्रोग्रामांसाठी अक्षरी पडदा आखण्याची रीत १९६४ ते १९९२ या कालखंडात कशी बदलत गेली, याचा विचार केला आहे. पडद्याची आखणी आधी प्रोग्रामच्या आत होती, नंतर ती स्वतंत्र साधनाकडे गेली आणि अखेरीस तीच प्रोग्रामचा पाया बनली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. कागदी टर्मिनलचा काळ :
जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजमध्ये बेसिक भाषा सिद्ध केली. १ मे १९६४ रोजी तिचे पहिले प्रोग्राम चालले. विज्ञानेतर विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा तिचा हेतू होता. विद्यार्थी टेलिटाइप यंत्रासमोर बसत. हे यंत्र कागदाच्या गुंडाळीवर सेकंदाला सुमारे १० अक्षरे छापत असे. छापलेली ओळ मागे घेता येत नव्हती. भाषेच्या पहिल्या आवृत्तीत वापरणाऱ्याला प्रश्न विचारणारी 'इनपुट' ही आज्ञादेखील नव्हती. ती १९६६ च्या सुमारास आली. अशा परिस्थितीत 'पडद्याची आखणी' ही कल्पनाच संभवत नव्हती. संवाद एका ओळीमागून दुसरी ओळ असाच घडे.

२. व्हिडिओ टर्मिनल आणि मोजणीचे ओझे :
१९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हीटी-१०० हे टर्मिनल बाजारात आणले. त्यावर २४ ओळी आणि ८० स्तंभ, म्हणजे १,९२० अक्षरांची जागा होती. एवढी अक्षरे छापण्यास टेलिटाइपला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागला असता. ९,६०० बॉड वेगाने जोडलेल्या टर्मिनलवर ती सुमारे दोन सेकंदांत उमटत. शिवाय विशिष्ट चिन्हक्रम पाठवून दर्शकबिंदू हव्या त्या ओळीवर व स्तंभावर नेता येत असे. त्यामुळे कागदी अर्जासारखा अर्ज पडद्यावर मांडणे शक्य झाले.

या सोयीची किंमत प्रोग्रामरला मोजावी लागली. प्रत्येक शीर्षक आणि प्रत्येक रकाना कोठे सुरू होतो, हे चौकटींच्या कागदावर आखून, घरे मोजून प्रोग्राममध्ये आकड्यांनी लिहावे लागे. एक ओळ मध्ये घालायची झाल्यास तिच्याखालील सर्व आकडे बदलावे लागत. पगारपत्रकाच्या हिशेबाची आज्ञा आणि त्याचे शीर्षक कोठे दिसावे याची आज्ञा एकाच मजकुरात मिसळलेली असे.

३. आखणीचे विलगीकरण :
या अडचणीतून पडदा आखणारी स्वतंत्र साधने निर्माण झाली. डिजिटलचीच 'फॉर्म्स मॅनेजमेंट सिस्टिम' हे त्याचे ठळक उदाहरण होय. तिच्या संपादकात आखणी करणारा थेट पडद्यावरच शीर्षके टंकलिखित करी आणि रकाने निश्चित करी. या रकान्यात फक्त अंक यावेत, तो रकाना रिकामा राहू नये, असे नियमही तेथेच नोंदवता येत. तयार अर्ज एका संग्रहात साठवला जाई. बेसिक प्रोग्राम केवळ अर्जाचे नाव सांगे आणि रकान्यातील माहिती मागून घेई. अर्जाचे रूप बदलण्यासाठी प्रोग्राम पुन्हा लिहिण्याची गरज कमी झाली.

४. व्यक्तिगत संगणकावरील रीत :
१९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीवर पडदा ८० स्तंभ आणि २५ ओळींचा, म्हणजे २,००० घरांचा होता. प्रत्येक घरासाठी एक बाइट अक्षराचा आणि एक रंगाचा, याप्रमाणे संपूर्ण पडदा स्मृतीच्या ४,००० बाइटमध्ये मावत असे. त्यामुळे 'द-ड्रॉ'सारख्या आरेखन साधनात पडदा तयार करून तो फाइलमध्ये ठेवता येई आणि बेसिकमधील 'बीलोड' या एका आज्ञेने क्षणार्धात पडद्यावर आणता येई.

मात्र ही फाइल केवळ चित्र होती. त्यात रकान्यांची जाण नव्हती. माहिती कोठे स्वीकारायची ते 'लोकेट' आज्ञेने प्रोग्राममध्येच सांगावे लागे. चित्र एक ओळ खाली सरकले आणि प्रोग्राम तसाच राहिला, तर उत्तर भलत्याच शीर्षकावर उमटे.

५. देवनागरीचा प्रश्न :
या पडद्यांच्या चौकटी ज्या रेखाचिन्हांनी बनत, त्यांचे क्रमांक १२७ च्या पुढचे होते. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये प्रमाणित झालेल्या इस्की संकेतानेही हाच वरचा भाग वापरला. परिणामी पीसीच्या मूळ संचात उभी रेघ असलेला १७९ हा क्रमांक इस्कीत 'क' ठरला, तर आडवी रेघ असलेला १९६ हा क्रमांक 'द' ठरला. पुण्याच्या सी-डॅकने प्रसारित केलेल्या जिस्ट कार्डामुळे अक्षरी पडद्यावर देवनागरी दिसू लागली, तेव्हा चौकट आणि अक्षर एकाच क्रमांकावर हक्क सांगत होते. शिवाय 'क्षेत्र' हा शब्द संकेतात सात चिन्हांचा, तर वाचकाच्या दृष्टीने दोन अक्षरांचा. वीस घरांच्या रकान्यात वीस अक्षरे मावतात, हे इंग्रजीसाठी खरे असलेले गृहीतक मराठी नावाला लागू पडत नव्हते. पडद्याची आखणी भाषानिरपेक्ष नसते, हे यावरून ध्यानात येते.

६. आखणी हाच पाया :
ॲलन कूपर यांनी सिद्ध केलेले 'रुबी' हे आखणीसाधन मायक्रोसॉफ्टने १९८८ मध्ये घेतले. बेसिकशी त्याचा संयोग होऊन १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक अवतरली. पुढच्याच वर्षी तिची अक्षरी पडद्यावर चालणारी डॉस आवृत्तीही आली. येथे क्रम उलटला. आधी फॉर्म आखायचा आणि मग त्यावरील प्रत्येक बटणाला आज्ञा जोडायच्या, ही रीत रूढ झाली.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, बेसिकचा इतिहास केवळ तिच्या आज्ञांचा इतिहास नाही. कोणती माहिती मागावी, किती घरांत मागावी आणि कोणत्या लिपीत मागावी, हे पडद्याच्या आखणीने ठरवले. या विषयाच्या साधनांच्या जतनाशीही हा मुद्दा निगडित आहे. टेलिटाइपवरील संवाद कागदावर उरत असे. पडद्यावरील संवाद पुसला जातो. आखणी वेगळ्या फाइलमध्ये गेल्यानंतर प्रोग्रामचा मजकूर जपला, तरी पडदा जपला जाईलच असे नाही. महाविद्यालयांतील जुन्या फ्लॉपी निकाली काढण्यापूर्वी प्रोग्रामबरोबर त्याच्या पडद्यांच्या फाइलीही उतरवून ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे. अन्यथा भावी अभ्यासकाच्या हाती हिशेब येईल. तो ज्या अर्जावर मागितला गेला, तो अर्ज मात्र येणार नाही.