वारीचा मुक्काम: राहुटी की खोली?



ज्येष्ठ लागला की आमच्या कारेगावात गटाच्या बैठकीत हप्ता-व्याजाचा हिशोब लवकर उरकतो आणि वारीचा विषय निघतो. यंदा नऊ जणींना जायचं आहे. पाच जणी म्हणतात, दिंडीत नाव घालू, भिशी भरू, राहुटीत झोपू. चौघी म्हणतात, चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत, गाडी करू आणि पंढरपुरात खोली घेऊ. बोलता बोलता आवाज चढले. आमच्यातल्या एक आज्जी म्हणाल्या, "खोलीत झोपून वारी होते का गं?" तर त्यांचीच सून म्हणाली, "आत्या, तुम्ही वाटेवर दुपारभर पाणी पीत नाही, ते सांगा की आधी."

मग सगळ्या गप्प बसल्या. का पीत नाही, ते तिथं बसलेल्या प्रत्येकीला माहीत होतं.

तेव्हा ठरवलं, की वारीत माणसं पूर्वी कुठं राहायची, काय देऊन राहायची, हे जरा शोधायचं. जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात घराजवळून करू. आपल्या शेजारच्या रांजणगावच्या महागणपतीला आपण सगळ्या जातो. गाभारा थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळातला, आणि भोवतीच्या ओवऱ्या सरदार मंडळींनी बांधलेल्या, असं सांगतात. ओवरी म्हणजे काय, तर तीन बाजूंनी भिंत, पुढं उघडी, वर छप्पर. आलेल्या माणसानं तिथं पथारी टाकायची, दाम काही नाही. छप्पर मिळायचं, पण न्हाणीघर नाही, संडास नाही. त्या काळी ते कुणाच्या मनातही नव्हतं. पुरुषाला रान मोकळं होतं. बाईला रान होतं ते फक्त अंधाराचं.

आता पालखीकडे वळू. देहूहून तुकोबांची पालखी पंढरपूरला न्यायची प्रथा त्यांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केली. आळंदीहून माउलींच्या पालखीला आजचं शिस्तीचं रूप दिलं ते साताऱ्याकडच्या आरफळच्या हैबतबाबांनी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात. त्यांना बेळगावकडच्या अंकलीचे सरदार शितोळे यांची साथ मिळाली. माउलींचे घोडे आणि तंबू अजून अंकलीहून येतात. म्हणजे माउलींसाठी तंबू पहिल्यापासून होता. वारकऱ्याला मात्र झाड, देवळाची पडवी किंवा कुणाचा तरी गोठा. पाऊस आला की घोंगडी डोक्यावर घ्यायची.

आम्ही कारेगावच्या बायका न्हावऱ्यावरून चौफुल्याकडं उतरलो की तुकोबांच्या पालखीचा रस्ता लागतो. यवत, वरवंड हे मुक्काम आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यातले. यवतला गाव पिठलं-भाकरी करून वाढतं, हे तुम्हाला सांगायला नको, तुमच्यातल्या कितीतरी जणींनी खाल्लं असेल. अशा गावांच्या जिवावर स्वस्त मुक्काम उभा राहिलेला आहे. वारकरी कमी पैशात चालतो, कारण वाटेवरच्या बाया रात्रभर भाकऱ्या थापतात. त्यांच्या कष्टाचा हिशोब कुठल्या वहीत सापडायचा नाही.

दिंडीत पैसे घेतात त्याला भिशी म्हणतात. आपण भिशी म्हटलं की बचतीची भिशी समजतो, पण दिंडीतल्या भिशीत जेवण, राहुटी आणि सामानाचा ट्रक असं सगळं येतं. पूर्वी शिधाही चालायचा. ज्वारी द्यायची, डाळ द्यायची. आता रोख. आणि आता दिंडी-दिंडीत फरक पडला आहे. काहींची जुनी कापडी राहुटी, खाली ताडपत्री, दाटीवाटीनं झोपायचं. काहींचा पाणी न गळणारा तंबू, गाद्या, जनरेटर, मोबाईल चार्ज करायची सोय, अंघोळीला कनात. तिथं भिशी जास्त. म्हणजे स्वस्त आणि महाग हा प्रश्न राहुटी आणि खोलीपुरता राहिलेला नाही, तो राहुटीतच शिरला आहे.

पंढरपुरात पोचल्यावर काय? सरदारांचे वाडे होते, फडकऱ्यांचे मठ होते, बडवे-उत्पातांची घरं होती. अहिल्याबाई होळकरांनी देशभर तीर्थाच्या जागी घाट आणि धर्मशाळा बांधल्या, पंढरपुरातला होळकर वाडा आजही आहे. ज्याची ओळख, ज्याची ऐपत, त्याला छप्पर. बाकीच्यांनी चंद्रभागेचं वाळवंट गाठायचं.

आणि काहींना पैसे असूनही जागा नव्हती, हे विसरून चालणार नाही. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला ना वाड्यात जागा, ना धर्मशाळेत. चोखोबांचे अभंग सगळे गाणार, पण चोखोबांच्या जातीतल्या बाईनं लेकरू घेऊन उघड्यावर पडायचं. गाडगेबाबांनी हे डोळ्यानं पाहिलं आणि पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली. पुढं १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. त्याच्या दोनच वर्षं आधी, मे १९४७ मध्ये, देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना तिथं उपोषणाला बसावं लागलं होतं. देवळाचं दार उघडायच्या कितीतरी आधी बाबांनी झोपायच्या जागेचं दार उघडलं. स्वतः मात्र ते झोपडीत राहायचे, बांधलेल्या धर्मशाळेत नाही. आणि त्यांच्या हातात खराटा असायचा, ते काही दाखवायला नव्हे.

कारण जत्रेतली घाण माणसं मारत होती. एकोणिसाव्या शतकात पटकी, म्हणजे कॉलरा, जत्रेच्या गर्दीत पेटायचा आणि परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर गावोगाव जायचा. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं दाखवून दिलं, की हा रोग घाण झालेल्या पाण्यातून पसरतो. एका हापशाचा दांडा काढून टाकायला लावला त्यानं. पण इकडं वाळवंटात लाखभर माणूस उतरलेला, तिथंच बसायचं, तिथंच खड्डा करून पाणी घ्यायचं. १९०६ साली बार्शी लाईट रेल्वे पंढरपूरला पोचली आणि गर्दी आणखी वाढली. पुढं पटकीची लस टोचून घेतल्याशिवाय जत्रेला जाऊ द्यायचे नाहीत. आमच्या आज्जींच्या सासूबाई त्या सुईला भिऊन एक वर्ष घरीच राहिल्या होत्या म्हणे.

पटकी गेली, तरी वाळवंटातल्या राहुट्या राहिल्या. आता जे सांगतो ते आम्हाला फार लागलं. आषाढी संपली, आपण "पुन्हा भेटू विठोबा" म्हणून एसटीत बसलो, की मागं त्या वाळूत आणि गल्ल्यांमध्ये जे पडलेलं असायचं ते कुणी उचललं? सफाई कामगारांनी, त्यात बायाही. हातानं मैला उचलायला लावणं कायद्यानं १९९३ पासून बंद, २०१३ साली आणखी कडक कायदा झाला. तरी जत्रेनंतर हे काम चालूच होतं. शेवटी या कामगारांच्या हक्कासाठी झटणारी माणसं मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयानं शासनाला संडास बांधायला सांगितलं आणि वाळवंटात तंबू-राहुट्या टाकायला बंदी आली.

वारकऱ्यांना ते रुचलं नाही. परंपरेवर घाला, असं बरेच जण म्हणाले. आमच्या घरची माणसंही म्हणाली. वाळवंटाची माया आम्हालाही आहे, चंद्रभागेच्या वाळूत बसून ऐकलेलं कीर्तन मांडवात ऐकलेल्या कीर्तनासारखं नसतं. पण आमचा फुकटचा मुक्काम कुणाच्या तरी हातांवर चालला होता, हे कळल्यावर आमच्याच्यानं तरी त्या बंदीला नावं ठेववत नाहीत.

मग नदीकाठी ६५ एकर जागेत तळ झाला. भक्तिसागर त्याचं नाव, पण सगळे "पासष्ट एकर" म्हणूनच ओळखतात. दिंड्यांना जागा आखून देतात, भाडं घेत नाहीत. पाणी, वीज, संडास, दवाखाना. राहुटी आपलीच, जेवण आपलंच, पण नळ आहे आणि दार लागणारा संडास आहे. वाटेवरच्या मुक्कामांनाही २०१५ पासून निर्मल वारीची फिरती शौचालयं उभी राहतात. २०२२ पासून राज्य महिला आयोगानं आरोग्यवारी सुरू केली, त्यात बायकांसाठी सॅनिटरी पॅडची सोय आली. पाळीचं नाव वारीत मोठ्यानं घ्यायला एवढी वर्षं लागली. सगळीकडं पुरेसं आहे का? नाही. रांग मोठी असते, रात्री दिवा नसतो, पाणी संपतं. पण पूर्वी काही नव्हतंच.

आता खोलीचं. मंदिर समितीचे भक्तनिवास आहेत, साध्या खोल्या आहेत, वातानुकूलितही आहेत. पण आषाढीला तिथं नंबर लागणं म्हणजे नशीब. खाजगी खोल्यांचे दर त्या आठवड्यात कुठल्या कुठं जातात. दोन वर्षांमागं आम्ही आठ जणी अशाच एका ठिकाणी उतरलो. पैसे आगाऊ घेतले. खोलीत पंखा होता, आरसा होता, भिंतीवर विठ्ठलाचा मोठा फोटो होता. संडास तीन खोल्यांत मिळून एक, आणि नळाला पहाटे चारला पाणी गेलं ते गेलंच. एकादशीच्या दिवशी आम्ही आठ जणी बाटलीभर पाण्यात उरकून बाहेर पडलो. त्या पैशात राहुटीतले चार मुक्काम झाले असते. आज्जी अजून टोमणा मारतात.

तसं पाहिलं तर हे गणित कारेगावच्या बाईला नवं नाही. एमआयडीसी आल्यापासून आपल्याकडं दारोदार खोल्या काढल्यात. आत नळ आणि संडास असेल त्या खोलीचं भाडं वेगळं, सामाईक असेल त्याचं वेगळं. रंग कुठला, फरशी कुठली, हे भाडेकरू नंतर बघतो. बायको-मुलं आणायची असली की आधी आतला संडास विचारतो.

म्हणून आमच्या बैठकीत आम्ही राहुटी की खोली हा वाद तिथंच थांबवला आणि पाटीवर चार गोष्टी लिहिल्या. रात्रीचा संडास किती पावलांवर, आणि वाटेत दिवा आहे का. बायकांच्या अंघोळीला कनात आहे का. पाण्याचा टँकर स्वतःचा की मिळेल त्याचा. आणि कुणाला पाळी आली किंवा पाय सुजला तर ट्रकमध्ये बसू देतात का. हे दिंडी चालवणाऱ्यांना भिशी भरायच्या आधी विचारायचं. खोलीवाल्यालाही हेच विचारायचं, फोनवर, आगाऊ पैसे पाठवायच्या आधी. एका दिंडीच्या प्रमुखांना आम्ही विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "ताई, एवढी वर्षं दिंडी नेतोय, हे कुणी विचारलं नव्हतं." मग म्हणाले, दोन दिवसांत सांगतो.

त्यांचा फोन अजून यायचा आहे. भिशीची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. आज्जींनी पिशवी भरून ठेवली आहे, आणि सुनेनं त्यात पाण्याची मोठी बाटली घातली आहे.