मोजणीदाराची रेघ

चक्रीय चौकोन आपल्याला दहावीत भेटतो, संमिश्र संख्या अकरावीत. दोघांची सोयरीक मात्र वर्गात क्वचितच जुळवली जाते. ती शक्य झाली एका मोजणीदारामुळे.

आधी टॉलेमी. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात आकाशाची गणितं करताना त्याला वर्तुळातल्या जीवांचा तक्ता हवा होता: त्रिज्या 60, अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या अंतरानं 360 जीवा. त्यासाठी त्यानं एक प्रमेय सिद्ध केलं. चक्रीय चौकोनाच्या कर्णांचा गुणाकार हा समोरासमोरच्या बाजूंच्या गुणाकारांच्या बेरजेइतका असतो. सिद्धता देखणी आहे, पण तिच्यासाठी कर्णावर एक जादा बिंदू घ्यावा लागतो आणि तो नेमका कुठं घ्यायचा हे विद्यार्थ्याला आपणहून सुचत नाही.

आपल्याकडे ब्रह्मगुप्तानं 628 मध्ये दोन्ही कर्णांची सूत्रं दिली. त्यांचा गुणाकार केला की हेच प्रमेय हाती येतं. पुढं भास्कराचार्यांनी, ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवानं चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला, स्पष्ट सांगितलं की ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कशाचा वर्गच नव्हे. खरंच होतं ते. संख्यारेषेवर त्या मुळाला जागा नाही.

जागा सापडली रेषेच्या बाहेर, कास्पार वेसेलला. जन्म नॉर्वेतला, काम डेन्मार्कच्या नकाशांसाठी जमीन मोजण्याचं. मोजणीदाराला रेघेची नुसती लांबी पुरत नाही, दिशाही टिपावी लागते. अशा रेघांचा गुणाकार कसा करायचा हे वेसेलनं ठरवलं: लांब्या गुणायच्या, कोन मिळवायचे. मग 90 अंशांवरची एकक रेघ स्वतःनंच गुणली की 180 अंशांवर जाते, म्हणजे उणे एक! संमिश्र संख्या म्हणजे अशाच रेघा. 10 मार्च 1797 रोजी त्यानं हा निबंध डॅनिश अकादमीपुढं वाचला, 1799 मध्ये तो छापला गेला आणि जवळजवळ शंभर वर्षं दुर्लक्षित राहिला. दरम्यान 1806 मध्ये आर्गांनं पॅरिसमध्ये तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली आणि संमिश्र संख्यांच्या आकृतीला नाव त्याचं लागलं. वेसेलवर हा अन्यायच झाला.

आता प्रतलातले कुठलेही चार बिंदू अ, ब, क, ड या संमिश्र संख्या माना. कंस सोडवले की दिसतं:

(अ − ब)(क − ड) + (अ − ड)(ब − क) = (अ − क)(ब − ड)

यात वर्तुळाचा मागमूस नाही, हे शुद्ध बीजगणित आहे. पण प्रत्येक कंस म्हणजे एक रेघ: डावीकडं चार बाजू, उजवीकडं दोन कर्ण. लांब्या घेतल्या की त्रिकोणाचा नियम लागू होतो आणि बाजूंच्या गुणाकारांची बेरीज कर्णांच्या गुणाकाराहून कमी कधीच भरत नाही. चौकोनात ती नेमकी बरोबर केव्हा? डावीकडची दोन्ही पदं एकाच दिशेला असली तरच. ते कोन मोजून पाहिलं, तर अट निघते की समोरासमोरच्या कोनांची बेरीज 180 अंश हवी. म्हणजे, दहावीच्या नियमानं, चौकोन चक्रीय हवा. टॉलेमीचं प्रमेय आणि त्याचा व्यत्यास, दोन्ही एका ओळीतून निघाले, आणि जादा बिंदू एकही घ्यावा लागला नाही.

ही ओळ वहीत एकदा स्वतः सोडवून पाहा. अकरावीला शिकवत असाल तर संमिश्र संख्यांच्या पहिल्याच आठवड्यात ती फळ्यावर लिहा, आणि शेजारी वेसेलचं नावही.