मत कोणत्या भाषेत द्यावे? : मॉरिशसच्या लोकमताचा एक मागोवा

एखाद्या काळी लोकांचे मत काय होते, हे ठरविण्यासाठी त्या काळच्या वृत्तपत्रांच्या फायली उघडाव्यात, अशी आपल्याकडील अभ्यासकांची रीत आहे. रीत सोयीची आहे आणि एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रापुरती ती बरीचशी फलदायीही ठरली आहे. ज्या भाषेत लोक बोलत, त्याच भाषेत (निदान तिच्या एका रूपात) ‘वाचकांची पत्रे’ छापली जात होती, हे त्याचे कारण. परंतु ज्या समाजात बोलण्याची भाषा एक, छापण्याची दुसरी, राज्यकारभाराची तिसरी आणि पूजापाठाची चौथी आहे, तेथे ही रीत कितपत उपयोगी पडेल? हिंदी महासागरातील मॉरिशस हे बेट या प्रश्नाची कसोटी पाहण्यास फार योग्य आहे. त्या बेटाशी मराठी भाषकांचे जुने नाते आहे, हे आमच्या कुतूहलाचे एक कारण. पण एकमेव नव्हे.

एका योगायोगापासून आरंभ करू. बाळशास्त्री जांभेकरांचा ‘दर्पण’ मुंबईत निघाला तो 6 जानेवारी 1832 रोजी. त्याच वर्षी पोर्ट लुई येथे ‘ल सेर्नेएँ’ हे फ्रेंच वृत्तपत्र सुरू झाले. तत्पूर्वी, 1773 पासून, बेटावर छापील पत्रके निघत होती. पण ती सरकारच्या मर्जीने चालत. ‘ल सेर्नेएँ’चे संस्थापक आद्रियाँ देपिने यांनी लंडनला जाऊन मुद्रणस्वातंत्र्य पदरात पाडून घेतले होते. येथवरची कथा कोणत्याही उदारमतवादी इतिहासात शोभावी अशी आहे. परंतु देपिने लंडनला गेले होते ते मळेवाल्यांचे प्रतिनिधी म्हणून. गुलामगिरी नष्ट होणार हे दिसू लागले होते आणि तसे झालेच तर मालकांना भरपाई मिळाली पाहिजे, हे त्यांच्या शिष्टाईचे दुसरे कलम होते. 1835 मध्ये बेटावर गुलामगिरी संपली. भरपाई मिळाली ती मालकांना, सुमारे वीस लाख पौंडांची. मुक्त झालेल्यांच्या हाती काहीच पडले नाही. मॉरिशसमधील मतस्वातंत्र्याचा जन्म असा झाला आहे. मत मांडण्याचे स्वातंत्र्य आणि माणसाचे स्वातंत्र्य ही जुळी भावंडे आहेत, असे आपण गृहीत धरतो. येथे पहिले स्वातंत्र्य दुसऱ्याला अडविण्यासाठी मागितले गेले. पुढे 1843 मध्ये रेमी ओलिए या मिश्रवर्णीय पत्रकाराने ‘ला सांतिनेल’ काढून वर्णभेदाविरुद्ध लेखणी चालविली, तेव्हा तेच मुद्रणस्वातंत्र्य उलट दिशेने वापरले गेले, हेही नमूद केले पाहिजे. मात्र दोघांचीही भाषा फ्रेंच होती. ब्रिटिशांनी 1810 मध्ये बेट जिंकले, पण रहिवाशांचे कायदे आणि रीतिरिवाज त्यांनी तसेच राहू दिले; त्यामुळे राज्य इंग्रजांचे, छापखाना फ्रेंचांचा आणि रस्ता क्रिओलचा, अशी विभागणी कायम झाली.

तो रस्ता काय बोलत होता? गुलामांच्या आणि मालकांच्या व्यवहारातून घडलेल्या क्रिओल भाषेला ‘बिघडलेली फ्रेंच’ समजण्याची चाल होती. शार्ल बेसाक यांनी 1880 मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि 1888 मध्ये तिच्यातील लोककथा व कोडी एकत्र केली. ही कोडी घालण्याची पद्धत आपल्या उखाण्यांची आठवण करून देते : घालणारा ‘सिरांदान?’ म्हणून हाळी देतो, ऐकणारे ‘सांपेक!’ म्हणून आव्हान स्वीकारतात आणि मग उभे राहिलेले पाणी म्हणजे ऊस, टांगलेले पाणी म्हणजे नारळ, अशी उत्तरे निघतात. ज्या उसापायी माणसे विकली गेली, त्याला ‘पाणी’ म्हणणारी ही दृष्टी मळ्याच्या हिशेबवहीतील नाही. आमच्या मते तेही एक मत आहे. फक्त ते ‘मत’ या सदराखाली कोणी नोंदविले नाही.

1834 पासून करारबद्ध मजूर येऊ लागले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय या बेटावर उतरले. बिहारकडील भोजपुरी, दक्षिणेकडील तमिळ आणि तेलुगू. आणि मुंबई बंदरातून गेलेले, मुख्यतः कोकणपट्टीतील मराठी. मजुरांच्या वस्तीत सायंकाळी भरे ती ‘बैठका’. तेथे पोथी वाचली जाई, मुलांना अक्षरे शिकविली जात, भांडणे मिटविली जात आणि अर्थातच त्या दिवशीच्या घडामोडींवर बोलणे होई. पुढे गावोगाव चिनी दुकानदार आले. त्यांच्या दुकानातील उधारीची वही आणि दारापुढील गप्पा हे खेड्यातील बातमीचे दुसरे केंद्र झाले. कुचाळक्यांना क्रिओलमध्ये ‘लादिलाफे’ म्हणतात. मळेवाल्याच्या नजरेत हा सारा लादिलाफेच होता. लोकमत आणि कुचाळकी यांतील सीमारेषा पुष्कळदा बोलणाऱ्याच्या दर्जावरून आखली जाते, हे मराठी वाचकांस निराळे सांगावयास नको. चावडीवरील बोलणे आणि दिवाणखान्यातील चर्चा यांत आपणही असाच भेद करीत आलो आहोत.

या बोलण्याने दप्तरात प्रथम ठळकपणे प्रवेश केला तो 1871 मध्ये. 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना बाळगण्याची सक्ती केली होती; तो जवळ नसला की भटक्या म्हणून अटक होई. अडॉल्फ द प्लेवित्झ या युरोपीय गृहस्थाने या जुलमाविरुद्ध अर्ज तयार केला आणि त्याखाली 9,401 जुन्या मजुरांची नावे आली. मळेवाल्यांनी द प्लेवित्झला बेटाबाहेर घालविण्याची मागणी केली, त्याच्यावर भर रस्त्यात हल्लाही झाला. परंतु अर्जाचा परिणाम म्हणून शाही आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल 1875 मध्ये बाहेर आला. अर्ज इंग्रजीत आहे. त्यातील गाऱ्हाणी नऊ हजारांवर माणसांची, वाक्ये मात्र दुसऱ्याची. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावा, असे आम्हांस वाटते. अनुवादाशिवाय हे मत लंडनला पोहोचले नसते. आणि अनुवादात बोलणाऱ्याचा राग, उपरोध, शिव्या गळून अदबशीर विनंती तेवढी उरली. आपण दप्तरात वाचतो ती विनंती. बैठकेत काय बोलले गेले असेल ते नव्हे.

1909 मध्ये मणिलाल डॉक्टरांनी ‘हिंदुस्तानी’ हे पत्र काढले. गांधीजी 1901 मध्ये बेटावर काही दिवस राहिले होते. मणिलाल 1907 मध्ये आले ते त्याच प्रेरणेने. ‘दर्पण’प्रमाणे हेही पत्र द्वैभाषिक होते, परंतु प्रथम इंग्रजी आणि गुजराती, आणि मग गुजरातीच्या जागी हिंदी. गुजराती ही बेटावरील मूठभर व्यापाऱ्यांची भाषा होती, मजुरांची नव्हे. ती बदलावी लागली यातच, कोणाशी बोलावयाचे हे ठरविताना संपादकालाही चाचपडावे लागले, हे दिसते.

त्यानंतरचा टप्पा आम्हांस सर्वांत विलक्षण वाटतो. 1948 च्या निवडणुकीपूर्वी मताधिकाराची अट बदलली : बेटावर चालणाऱ्या मान्य भाषांपैकी कोणत्याही एकीत साधी वाक्ये लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढ व्यक्तीस मत देता येईल. या भाषांत क्रिओलही होती. पंडित बासदेव बिसुनदयाल यांच्या चळवळीतील स्वयंसेवक गावोगाव लोकांना लिहावयास शिकवीत फिरले आणि सुमारे बारा हजारांची मतदारयादी एकाहत्तर हजारांवर गेली. मराठीत ‘मत’ हा शब्द अभिप्राय आणि मतदान या दोन्ही अर्थांनी चालतो. त्या वर्षी मॉरिशसमध्ये हे दोन अर्थ अक्षरशः एका वाक्यात येऊन मिळाले. एक वाक्य लिहिता आले की माणसाच्या मताला किंमत आली. सार्वत्रिक मताधिकार यावयास 1959 उजाडले.

12 मार्च 1968 रोजी देश स्वतंत्र झाला. विधिमंडळाची भाषा राज्यघटनेने इंग्रजी ठरविली, फ्रेंचला मुभा दिली. क्रिओलला त्या कलमात जागा नव्हती. 1971 च्या अखेरीस आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, 1972 मध्ये अपेक्षित असलेली निवडणूक 1976 पर्यंत लांबली. देव विरासामी यांचे क्रिओल नाटक ‘ली’ या अंधाऱ्या काळातील आहे. विरासामी स्वतः तुरुंगात जाऊन आलेले. 2023 मध्ये निधन होईपर्यंत ते क्रिओलसाठी लिहीत राहिले. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’वरून त्यांनी ‘तूफान’ (1991) लिहिले, तेव्हा बेटाची गोष्ट बेटाच्या भाषेत परत आली. पुढे 1984 मध्ये वृत्तपत्रांकडून मोठ्या रकमेची हमी मागणाऱ्या विधेयकाविरुद्ध पत्रकार रस्त्यावर आले आणि 44 जणांना अटक झाली. स्वातंत्र्यानंतरही मुद्रणस्वातंत्र्य मागून घ्यावे लागत होते. फरक एवढाच, की या वेळी ते मळेवाल्यांसाठी नव्हते.

दैनंदिन मत किती क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर पेटू शकते, याची दोन उदाहरणे लागोपाठच्या दोन वर्षांतील आहेत. 1998 मध्ये नव्या नोटा निघाल्या. तोवर नोटांवर तमिळ अक्षरे हिंदीच्या आधी असत. नव्या नोटांवर हिंदी वर गेली. तमिळ समाज संतापला आणि नोटा मागे घेण्याची वेळ आली. बाहेरच्यास हे हास्यास्पद वाटेल. परंतु ज्या देशाच्या घटनेनेच नागरिकांचे हिंदू, मुसलमान, चिनी आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ असे चार गट पाडले, तेथे खिशातील नोटेवरचा क्रम हा समाजातील क्रमच वाचला जाणार. पुढल्याच वर्षी, 21 फेब्रुवारी 1999 रोजी, काया या नावाने प्रसिद्ध असलेला गायक पोलिसांच्या कोठडीत मरण पावला. सेगा आणि रेगे यांचा मेळ घालणारे ‘सेगे’ संगीत त्याने लोकप्रिय केले होते आणि गांजा ओढल्याच्या आरोपावरून त्याला पकडले होते. रोश ब्वासारख्या गरीब क्रिओल वस्त्यांतून उठलेली दंगल काही दिवस देशभर पसरली. ज्यांचे मत वृत्तपत्रांच्या फ्रेंचमध्ये मावले नव्हते, जे आधी गाण्यात आले होते, ते आता दगडांनी बोलले. दगडाचे समर्थन आम्ही करीत नाही. पण गाणे वेळीच मत म्हणून ऐकले गेले असते तर, हा प्रश्न उरतोच.

2002 मध्ये खासगी नभोवाणी केंद्रे सुरू झाली. बसथांबा, रुग्णालय, पाणीपुरवठा यांविषयीची तक्रार लोक दूरध्वनीवरून, क्रिओलमध्ये, साऱ्या देशाला ऐकू येईल अशी सांगू लागले. बैठकेची आणि दुकानदारापुढची भाषा प्रथमच अनुवादावाचून सार्वजनिक झाली. 2009 मध्ये आर्नो कारपूरन यांचा क्रिओल-क्रिओल शब्दकोश आला. 2012 मध्ये भाषा प्राथमिक शाळेत पोहोचली. जुलै 2020 मध्ये ‘वाकाशियो’ हे जहाज प्रवाळावर अडकून पुढे सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले, तेव्हा सरकारी आदेशाची वाट न पाहता लोकांनी उसाच्या पाचटाचे तरंगते बांध शिवले. ऑगस्टच्या अखेरीस पोर्ट लुईत प्रचंड मोर्चा निघाला. 1 नोव्हेंबर 2024 रोजी, दूरध्वनी संभाषणांच्या चोरट्या ध्वनिफिती बाहेर येत असता, सरकारने समाजमाध्यमेच बंद करण्याचा आदेश काढला. ओरड होताच दुसऱ्या दिवशी तो मागे घ्यावा लागला. दहा दिवसांच्या आत झालेल्या निवडणुकीत विरोधी आघाडीने 62 पैकी 60 जागा जिंकल्या. 1832 पासूनचे वर्तुळ पुरे झाले असे म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरतो, कारण इतिहासात वर्तुळे क्वचितच पुरी होतात.

शेवटी आपल्या माणसांविषयी. मॉरिशसमधील मराठी मंडळी गणेशचतुर्थीला (ती तेथे सार्वजनिक सुट्टी आहे) कोकणातील जाखडीशी नाते सांगणारी ‘झाकरी’ नाचतात. मराठी तेथील शाळांत शिकविली जाते. आपल्याकडून जाणारे पाहुणे हे पाहून सद्गदित होतात आणि परतल्यावर ‘त्यांनी मराठी किती टिकविली’ याचा लेखाजोखा मांडतात. तेथील जनगणनेत भाषेचे दोन प्रश्न विचारले गेले आहेत : घरात कोणती बोलता आणि पूर्वजांची कोणती. 2011 मध्ये घरात क्रिओल बोलणाऱ्यांचे प्रमाण 86 टक्क्यांवर होते. मराठी ही तेथे मुख्यतः दुसऱ्या रकान्यातील भाषा आहे. क्रिओल शाळेत आली तीही पूर्वजांच्या भाषांच्याच पंगतीत, पर्यायी विषय म्हणून. तेव्हा मराठी घरातील पालकापुढे निवड आहे ती आजोबांची भाषा आणि मुलाची भाषा यांमधली. ही निवड त्या पालकाची आहे. तिचे गुणदान आपण करू नये.

आपण विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. त्या घरात सायंकाळी बातम्या ऐकून झाल्यावर महागाईवर, पोलिसांवर, शेजाऱ्याच्या मुलाच्या नोकरीवर जे बोलणे होते, ते क्रिओलमध्ये होते. झाकरी हा त्यांचा वारसा. हे बोलणे हे त्यांचे मत. वारशाला टाळ्या वाजवून मताकडे पाठ फिरविणे ही आपली जुनी खोड आहे, आणि ती केवळ समुद्रापलीकडील माणसांपुरती नाही. कोकणातल्या ज्या वाड्यांतून ही माणसे बोटीवर चढली, तेथली बोली अजूनही आपल्या संग्रहांत लोकगीत म्हणून आदराने येते. अग्रलेखात मात्र तिला अद्याप प्रवेश नाही.