कुत्रा बिघडला नव्हता, वेळ बदलली होती

वरवट बकालला आमच्या शेतावर मोती नावाचा कुत्रा होता. रस्त्याने मोटारसायकल गेली की हा तिच्यामागे धावे. एखाद्या दिवशी चाकाखाली येईल, या भीतीने मी त्याला ‘थांब’ शिकवायला घेतले. रोज संध्याकाळी, विहिरीजवळ, हातात भाकरीचा तुकडा. तीन आठवड्यांत मोती शब्दासरशी थांबू लागला.

मग शेतीपंपाच्या विजेची वेळ बदलली आणि ओलिताची पाळी रात्री आली. अंगावर घोंगडी, हातात बॅटरी असा मी जाऊ लागलो आणि मोती शिकलेले सगळे विसरला. मी चिडलो, हातही उगारला. काका म्हणाले, “कुत्रं नाई बिघडलं बापू, तुयी येळ बदलली.”

काकांनी इव्हान पावलोव्ह हे नाव ऐकलेले नव्हते. पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४चे नोबेल मिळवणाऱ्या या रशियन शास्त्रज्ञाला मात्र हीच अडचण आली होती. ठरावीक खूण केली की अन्न मिळते, हे त्याचे कुत्रे शिकत आणि नुसत्या खुणेनेही त्यांच्या तोंडाला पाणी सुटे. पण बाहेर कोणाची पावले वाजली, दार आपटले, खिडकीतून सावली सरकली, तरी प्रयोग फसे. गंमत म्हणजे, सहकारी पक्का झालेला प्रयोग दाखवायला पावलोव्हला बोलवी आणि तो खोलीत शिरताच कुत्रा काही करीत नसे. नवा माणूस आला, एवढाच फरक! अखेर पीटर्सबर्गला भोवती खंदक असलेली, आवाज आत न येणारी खास इमारत बांधावी लागली.

पुढे सप्टेंबर १९२४मध्ये त्या शहरात, म्हणजे तेव्हाच्या लेनिनग्राडमध्ये, महापूर आला. पिंजऱ्यांत पाणी शिरले आणि कुत्र्यांना पोहवत बाहेर काढावे लागले. त्यानंतर काही कुत्रे शिकलेले हरवून बसले. त्यांपैकी एकाबाबत असे दिसले, की ओळखीचा प्रयोगकर्ता खोलीत सोबत बसला की त्याचे शिक्षण परत येई. तो उठून गेला की पुन्हा बिघाड.

पोलिसांच्या कुत्र्याला अशी शांत इमारत कुठली मिळणार? पुण्याच्या केंद्रात शिकलेल्या झंजीरने १९९३च्या स्फोटांनंतर मुंबईत स्फोटके हुडकली, ती गर्दी-गोंगाटात. मैदानातली शिकवण रस्त्यावर टिकायची, तर बदलाचीही सवय लावावी लागते; मात्र थोडीथोडी.

मी तसेच केले. आधी जुन्या वेळी, जुन्या जागी गेलो. फक्त घोंगडी नवी. ती अंगवळणी पडल्यावर बॅटरी. मग अंधार. सगळ्यात शेवटी रस्त्याची कड, तीही गळ्यात दोरी ठेवून. प्रत्येक पायरीला मोती पहिले दोन-तीन दिवस चुके. तेव्हा मी मागच्या पायरीवर येई, आवाज न चढवता. महिना-सव्वा महिना गेला. एका रात्री दोरी नसताना मोटारसायकल आली. मी ‘थांब’ म्हटले. मोतीचे कान ताठ झाले, अंग थरथरले, पण पाय हलले नाहीत.

भाकरीचा तुकडा मी त्याला दिला. उगारलेल्या हाताची भरपाई मात्र त्याने होत नाही, हे मला तेव्हा कळले.